बसचं घर करायचंय? आधी कागद, मग पत्रा, शेवटी पडदे

जुन्या बसचं मोटरहोम करण्याबद्दल ठाणे-नवी मुंबईतल्या वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत. बहुतेकांनी किचन, टीव्ही आणि पडद्यांची चौकशी केली होती. उत्तरांत मात्र जास्त जागा गंज, वजन आणि गळतीला दिली आहे, कारण पैसे बुडतात ते तिथेच.

एसटीच्या किंवा महापालिकेच्या जुन्या बस लिलावात स्वस्तात जातात असं ऐकलं. अशी एखादी घेऊन घर करता येईल का? — एक वाचक, ठाणे पश्चिम

घेऊ नका. सरकारी मालकीच्या आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू राहत नाही. त्या अधिकृत भंगार केंद्रातच जायला हव्यात. म्हणजे तुमच्या हाती लोखंड येईल, रस्त्यावर चालणारी गाडी नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे तर कोंबडीच कागदावर मेलेली असते.

त्यापेक्षा कंपन्यांच्या स्टाफ बस आणि शाळांच्या बस बघा. महापे, रबाळे, तुर्भे, तळोजा या पट्ट्यात खासगी मालकांकडे अशा गाड्या बऱ्याच असतात. नंबर एमपरिवहन अॅपवर टाका आणि फिटनेस, टॅक्स, विमा, बँकेचा बोजा, थकलेली चलनं तिथेच पाहून घ्या. मग आरसीवरचा चासी नंबर प्रत्यक्ष चासीवर ठोकलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडा. नंबर गंजाने खाल्ला असेल किंवा घासलेला दिसला तर सौदा तिथेच सोडा.

गाडी कापायच्या आधीची गोष्ट आणखी महत्त्वाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ‘नॉन-ट्रान्सपोर्ट’ वर्गात मोडते. म्हणून आधी मान्यताप्राप्त बॉडीबिल्डरकडून मापांसह ड्रॉइंग करून घ्या, ते घेऊन आपल्या आरटीओत जा (ठाण्याला एमएच-०४, नवी मुंबईला एमएच-४३), कोणती चाचणी आणि कोणते दाखले लागतील ते लेखी घ्या, आणि मगच ग्राइंडर हातात धरा. ‘आधी करून टाकू, पासिंगचं एजंट बघेल’ हा सल्ला देणारा एजंट पुढे फोन उचलत नाही. बदल आरसीवर चढल्यावर विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर अपघातानंतर सर्वेअर आतला बेड बघतो आणि क्लेम अडकतो.

गाडी केवढी घ्यावी? आम्ही घरचे सहा जण. माझ्याकडे कारचं लायसन्स आहे. — एक वाचिका, ऐरोली

एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी हलक्या वाहनांत येते. त्याच्या वर गेलात की अवजड वाहनाचं लायसन्स हवं. तेव्हा आरसीवर ‘जीव्हीडब्ल्यू’ (माणसं-सामानासकट मान्य असलेलं एकूण वजन) किती लिहिलंय ते पाहूनच गाडी निवडा. सहा जणांना साधारण ३० सीटची मिडी बस पुरते. १२ मीटरची बस आतून ऐसपैस वाटते खरी, पण ती उभी कुठे करणार? सोसायटीत नाही, घोडबंदर रोडच्या कडेला तर नाहीच. आणि गावाकडच्या वळणावर ती एका दमात वळत नाही.

आता वजन. समजा जीव्हीडब्ल्यू ७,२०० किलो आणि रिकामी गाडी ४,८०० किलो. हातात राहिले २,४०० किलो. ८ बाय ४ फुटांची १८ एमएम प्लायची एक शीट सुमारे ३५ किलो भरते. सुतार सवयीने अशा १४ शीट मागवतो, म्हणजे ४९० किलो नुसतं प्लाय. त्यावर १२ एमएमच्या ८ शीट, साधारण १८५ किलो. पाण्याची टाकी १५० लिटर म्हणजे १५० किलो, सांडपाण्याची भरलेली आणखी १००. बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर १४०, सोलर फ्रेमसकट ८०, इन्सुलेशन आणि आतलं अस्तर १२०, एसी, फ्रिज, टाक्या, गाद्या मिळून १७५, भांडीकुंडी-अंथरुणं १५०, सहा माणसं ४२०. बेरीज दोन टनांच्या घरात गेली. जुन्या सीट काढल्यावर थोडी सूट मिळते, पण ती ‘अजून एक कपाट’ करण्यात संपते. बेडखालचे खण आणि कपाटं १२ एमएममध्ये करा, १८ एमएम फक्त जिथे माणूस बसतो-झोपतो तिथे. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ गाडीत नकोच. हादऱ्याने स्क्रू ढिले होतात आणि पहिल्या पावसाळ्यात कडा फुगतात.

वजन कुठे ठेवता हेही बघा. किचन, टाकी, बॅटरी सगळं एकाच बाजूला गेलं की त्या बाजूचे कमानपाटे बसतात आणि गाडी कायमची कलते. मागच्या चाकांच्या मागे टाकी लावली तर पुढचा एक्सल हलका होतो, स्टिअरिंग हातात हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर पुढची चाकं घसरतात. टाकी दोन एक्सलच्या मध्ये, शक्य तितकी खाली. काम अर्धं झाल्यावर एकदा आणि पूर्ण झाल्यावर एकदा वजनकाट्यावर जा, आणि नुसती पूर्ण गाडी नको, पुढचा एक्सल वेगळा आणि मागचा वेगळा तोला.

प्रवासात जितकी माणसं, तितक्या बेल्टच्या सीट हव्यात. सीटचे बोल्ट प्लायमध्ये नाही, खालच्या लोखंडी आडव्यांत, खालून जाड पट्टी देऊन घट्ट झाले पाहिजेत.

गाडी बाहेरून चकाचक आहे. गंज आहे की नाही ते विकत घेण्याआधी कसं ओळखायचं? आणि असला तर काम कसं करून घ्यायचं? — दोन वाचक, कळवा आणि घणसोली

चकाचक रंग हाच पहिला संशय. खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस, यात दहा वर्षं चाललेल्या गाडीला गंज नसेल असं धरू नका. किती आहे आणि कुठे आहे एवढाच प्रश्न असतो.

सोबत छोटी हातोडी, जाड स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च न्या. आधी मागच्या चाकाच्या वरची रबरी मॅट उचला. चाकाने उडवलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथेच बसतं. खालचं प्लाय काळं पडून चहाच्या चोथ्यासारखं हातात आलं तर त्याखालच्या चौकोनी पाइपावर स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. तो आत गेला तर एक आडवा नाही, शेजारचे दोन-तीन बदलायचे धरूनच भाव करा. मग फूटबोर्डाची खालची बाजू, बॅटरीच्या पेटीखालचा पत्रा, खिडक्यांची खालची पट्टी, शेवटच्या सीटखालचा कोपरा. शेवटी गाडीखाली जाऊन बॉडी आणि चासी जोडणारे यू-बोल्ट बघा. हातोडीचा खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज म्हणजे आतून पोकळ.

बॉडीचे पाइप कापून बदलता येतात. चासीचा लांब पट्टा मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याच्या वरच्या-खालच्या कडेवर वेल्डिंग किंवा ड्रिल करू देऊ नका. भार पडला की तिथूनच चीर सुरू होते. चासीलाच थर सुटलेला गंज असेल तर ती गाडी सोडा.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, अल्टरनेटरची जोडणी आणि ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर सोडवा, आणि अर्थचा क्लॅम्प जिथे वेल्ड चालू आहे तिथून हातभर अंतरावर लावा. क्लॅम्प लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. गॅरेजवाले हे सगळं ‘काही होत नाही’ म्हणून टाळतात. मग गाडी सुरू होत नाही तेव्हा ईसीयूचं बिल तुमच्या नावावर येतं.

गंज काढताना नुसता वायर ब्रश फिरवला तर गंज चकचकीत होतो, जात नाही. ग्राइंडरवर ४० ग्रिटचा फ्लॅप डिस्क, जमलं तर सँडब्लास्टिंग. रस्ट कन्व्हर्टर फक्त खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी. नंतर झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. साधा रेडऑक्साइड सच्छिद्र असतो, एकटा तो इथल्या हवेत टिकत नाही. उघडं केलेलं लोखंड त्याच दिवशी प्रायमरखाली गेलं पाहिजे. रात्रभर ठेवलं तर सकाळी पिवळी झाक दिसतेच. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर रंगकाम थांबवा. म्हणून पत्र्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा, जूनच्या तोंडावर नाही.

जोडांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, मग खालून अंडरकोट. गंजावर थेट डांबरी कोट मारणं सगळ्यात वाईट. वरून काळं आणि छान दिसतं, आत पाणी कोंडून लोखंड दुप्पट वेगाने खातं. चौकोनी पाइपांना खालून पाणी जायची भोकं असतात, ती रंगाने बुजू देऊ नका, आणि आतून कॅव्हिटी वॅक्स फवारून घ्या. नवीन तळ आयएस ७१० मार्काच्या मरीन प्लायचा. कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सी लावूनच बसवायचा. कड कोरी राहिली तर मरीन प्लायचे पैसे वाया.

पावसात टपातून आणि खिडक्यांतून पाणी येतं. सिलिकॉन तीनदा भरलं. — एक वाचक, खारघर

वरून सिलिकॉन भरून गळती थांबत नाही, जागा बदलते. त्यावर रंगही धरत नाही आणि पुढचं सीलंटही चिकटत नाही. आधी ते पूर्ण खरवडून काढा. मग शोध घ्या. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळी धरायची, आणि सुरुवात खालून: आधी खिडकीची खालची पट्टी, मग बाजू, मग वरची पट्टी, शेवटी टप. प्रत्येक टप्प्यावर पाच-दहा मिनिटं. वरून पाणी सोडलंत तर सगळंच ओलं होतं आणि कुठून आलं ते कळत नाही.

टपावर संशयित ठरलेले असतात ते रिव्हेट, जुन्या व्हेंटची चौकट आणि दोन पत्र्यांचा जोड. ढिले रिव्हेट काढून सीलंटमध्ये बुडवून नवे ठोका. व्हेंट किंवा एसी बसवताना चौकटीच्या खाली ब्यूटाइल टेप, बाहेरच्या कडेला पीयू सीलंट, दोन्ही. सरकत्या काचांच्या खालच्या खोबणीतली पाणी जायची भोकं कचऱ्याने तुंबतात; बऱ्याच ‘गळत्या’ खिळ्याने ती साफ केल्यावर थांबतात. नको असलेल्या खिडक्या जीआय पत्र्याने बंद करा, पण आणीबाणीचा दरवाजा आणि बाहेर पडायची काच सोडून.

गळती पूर्ण थांबल्याशिवाय इन्सुलेशन लावू नका. इथे क्लोज्ड-सेल (पाणी न शोषणारं) नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई फोम, १९ ते २५ एमएम, पत्र्याला पूर्ण चिकटवून आणि जोडांवर टेप मारून. ग्लासवूल नको, ओल धरून ठेवतं. फवाऱ्याचा पीयू फोम उष्णता चांगली अडवतो, पण नंतर तिथे वेल्डिंग करायची वेळ आली तर पंचाईत होते. आपल्याकडे जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. आत एसी २२ वर लावला की बाहेरची दमट हवा फटीतून शिरून थंड अस्तरामागे घाम धरते. टपाला पांढरा रंग दिला तर एसीवरचा भार बराच उतरतो, आणि इन्सुलेशनच्या मानाने तो खर्च काहीच नाही.

रात्रभर एसी बॅटरीवर चालेल का? सोलर किती लावू? — एक वाचक, वागळे इस्टेट

गणित मांडू. एक टनाचा इन्व्हर्टर एसी नीट इन्सुलेट केलेल्या मिडी बसमध्ये रात्री सरासरी ६०० ते ८०० वॉट घेतो. आठ तासांचे ५ ते ६.५ युनिट, इन्व्हर्टरमधली घट वेगळी. २४ व्होल्ट २०० अॅम्पिअर-अवरच्या एका लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ५.१ युनिट असतात, त्यातले साडेचार धरा. म्हणजे एका बॅटरीवर रात्र निघत नाही, दोन लागतात. किंवा झोपायचा भाग जाड पडद्याने वेगळा करून तेवढाच थंड करा. आम्ही हेच सुचवू.

टपावर ५४० वॉटची दोन पॅनेल बसली तर कोरड्या दिवसांत साडेतीन युनिटच्या आसपास मिळतं, पावसाळ्यात त्याच्या निम्मंही धरू नका. त्यात फ्रिज, दिवे, पंखे, पंप, फोन हे सगळं आरामात निघतं. एसीला मात्र गाडी चालताना अल्टरनेटर किंवा मुक्कामी १५ अॅम्पिअरचा सॉकेट लागणारच. पॅनेल टपाच्या कमानींवर बसवा, नुसत्या पत्र्यावर नाही, आणि खाली दोन-तीन इंच हवा खेळू द्या.

जोडणीत चुकतं ते असं. लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडली की ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर जळतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच, आणि त्याचा करंट अल्टरनेटरच्या पाटीवरच्या आकड्याच्या निम्म्याखाली. घरचा जुना इन्व्हर्टर शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी असतो, लिथियमला २८.४ व्होल्टपर्यंत चार्ज, २७ च्या आसपास फ्लोट आणि इक्वलायझेशन बंद, ही सेटिंग त्यात नसेल तर बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) सारखी ट्रिप होते. ३,००० वॉटचा इन्व्हर्टर २४ व्होल्टवर पूर्ण भाराला १४० अॅम्पिअर घेतो. त्याला ५० चौरस एमएम तांब्याची केबल, लांबी दीड मीटरच्या आत, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर डीसीसाठी रेट केलेला १७५ अॅम्पिअरचा फ्यूज. घरातल्या २३० व्होल्टसाठीचा एमसीबी डीसीवर वापरू नका, तो ठिणगी तोडू शकत नाही. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि अर्थची तार बसच्या बॉडीला जोडलेली. ओल्या जमिनीवर उभं राहून दाराचा लोखंडी दांडा धरणारा माणूस त्यामुळेच वाचतो.

गॅस की इंडक्शन? — एक वाचिका, नेरुळ

एवढी वीज घेताच आहात तर इंडक्शन. गॅस ठेवायचाच असेल तर घरगुती १४.२ किलोचा नाही, ५ किलोचा छोटा सिलिंडर. तो आतून पूर्ण बंद, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, आणि कप्प्याच्या तळाला थेट बाहेर जाणारं भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, वर जाळी ठेवून उपयोग नाही. गॅस डिटेक्टरही जमिनीपासून वीतभर उंचीवरच लावा. गाडी चालताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद.

पाणी आणि संडासाची सोय कशी करावी? — एक वाचक, डोंबिवली

टाकी स्टेनलेस स्टील ३०४ किंवा फूड-ग्रेड प्लॅस्टिकची, आत आडव्या पट्ट्या असलेली. पट्ट्या नसतील तर अर्धी टाकी वळणावर गाडीला ढकलते. पाइप सीपीव्हीसी नको, चिकटवलेले जोड हादऱ्याने तडकतात. पेक्स पाइप (लवचीक प्लॅस्टिकचे) आणि क्लॅम्पचे जोड घ्या. पंप २४ व्होल्टचा डायफ्राम, मिनिटाला १० लिटरचा, आणि त्याच्या आधी गाळणी. सांडपाण्याच्या पाइपाला ४० सेंटीमीटरला एक सेंटीमीटर उतार आणि टाकीला टपापर्यंत वास जायचा पाइप. कॅसेट टॉयलेट (काढून नेता येणाऱ्या टाकीचं) २० लिटरच्या आसपासचं, ते सार्वजनिक शौचालयात रिकामं करायचं. पावसाळी गटारात ओतणं ना कायद्यात बसतं ना माणुसकीत.

हे भाड्याने देता येईल का? — एक वाचक, बेलापूर

खासगी कॅम्पर व्हॅन म्हणून नोंदलेली गाडी नाही. धंदा करायचा तर पहिल्यापासून ट्रान्सपोर्ट वर्गात नोंदणी आणि परमिट. राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आहे. त्याची चौकशी पर्यटन संचालनालयात करा.

दोन वर्षं तळोज्यात उभी असलेली बस घेतली आहे. सुरू करण्याआधी काय करू? — एक वाचक, पनवेल

थेट सेल मारू नका. टाकीच्या तळाचा प्लग उघडून बाटलीभर डिझेल काढा आणि तासभर ठेवा. खाली पाणी आणि मध्ये काळी बुळबुळीत साय दिसली तर टाकी उतरवून धुवा, दोन्ही फिल्टर बदला, हातपंपाने हवा काढा. कॉमन रेल इंजिन (खूप दाबाने डिझेल सोडणारं) असेल तर प्रेशरच्या पाइपांना हात लावू नका. ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट, पट्टे बदला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं नाही ना बघा. मग डिझेल बंद ठेवून दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत, इंजिन फिरवा. ऑइल प्रेशर दिसल्यावरच डिझेल सुरू.

एअर ब्रेक असतील तर टाक्यांखालच्या कड्या ओढून पाणी काढा. तपकिरी तेलकट पाणी आलं तर एअर ड्रायरचं कार्ट्रिज गेलं. हवा पूर्ण भरली की इंजिन बंद करून पेडल दाबून धरा. मिनिटाला तीन पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे, आणि बहुधा ती ब्रेक चेंबरच्या सुकलेल्या डायफ्राममध्ये (रबरी पडद्यात) असते. मागच्या चाकांचा स्प्रिंग ब्रेक चेंबर मात्र स्वतः उघडायचा नाही. आतली दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच जातो. ते काम ब्रेकवाल्याचंच.

टायरची नक्षी पूर्ण असली तरी फसू नका. बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा: ‘२३१७’ म्हणजे २०१७ मधल्या २३ व्या आठवड्यातला टायर. तो आधी बदला, आणि स्टेपनीचाही आकडा बघा, कारण विकणारे जुना टायर तिथेच लपवतात.